शेवटची वळी

वजन उतरायला लागलं की सगळ्यात आधी चेहरा उतरतो. गाल बसतात, गळ्याची हाडं वर येतात, आणि लग्नाकार्यात भेटणारी प्रत्येक आत्या-काकू आवाज खाली आणून विचारते, "अगं, बरी आहेस ना? किती वाळलीस!" त्याच दिवशी सकाळी निऱ्या खोचताना हाताला लागलेली ओटीपोटावरची वळी मात्र जिथल्या तिथे असते. जिथली चरबी जावी असं मनापासून वाटत असतं, तिथली शेवटी जाते. पुष्कळांची तर जातच नाही.

मधुमेह निघाला तेव्हा मी वजन मनावर घेतलं. रात्रीचं जेवण लवकर, ताटात भात कमी आणि उसळी जास्त, रोज चालणं, जमेल तसे डंबेल. सावकाश उतरलं, आणि उतरलेलं टिकलं. साखर आटोक्यात आली, गोळ्या कमी झाल्या. या गोष्टीचा मला फार आनंद आहे आणि कमरेच्या एका वळीने तो उणा होत नाही. तरीही ती वळी दिसते, ब्लाउजच्या काठाखाली जाणवते, आणि तिच्याबद्दल बोलायची लाज वाटते. एवढं कमावल्यावर आता हे काय घेऊन बसलीस, असं कोणी म्हणेल ही भीती असते. माझ्या ओळखीच्या, वजन उतरवलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या मनात ही गोष्ट आहे, बऱ्याच पुरुषांच्याही. ती बोलली जात नाही, म्हणून तिच्यावरचे उपाय वाट्टेल त्या शब्दांत विकले जातात.

ही चरबी हट्टी असते हे खरं आहे, आणि त्याचं कारण आपल्या आळसात नाही. चरबीच्या पेशीवर ॲड्रेनलिन या संप्रेरकाचा निरोप घेणारे दोन प्रकारचे रिसेप्टर असतात. बीटा जातीचे रिसेप्टर साठा मोकळा करायला लावतात, अल्फा-2 जातीचे तो अडवून धरतात. बायकांच्या मांड्या आणि नितंबांवरच्या पेशींत अडवणाऱ्यांचं प्रमाण जास्त असतं. गरोदरपण आणि अंगावर पाजण्याच्या काळासाठी शरीर ही शिल्लक जपून ठेवतं. आपण उपाशी राहिलो म्हणून ते लगेच तिला हात घालत नाही.

आणि एखाद्या ठिकाणचा व्यायाम केला म्हणून त्याच ठिकाणची चरबी जळत नाही. 1971 मध्ये अमेरिकेत टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले गेले. रॅकेट धरणारा हात वर्षानुवर्षं राबलेला, त्याचे स्नायू दुसऱ्यापेक्षा मोठे. पण कातडीखालच्या चरबीचा थर दोन्ही हातांवर सारखाच भरला. हजार सिटअप्स मारून पोटाचे स्नायू बळकट होतील, वरची वळी तिच्या वेळेनेच जाईल. घाम काढणाऱ्या पट्ट्यांचं तर बोलायलाच नको. ऑस्ट्रेलियातल्या रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी 2014 मध्ये हिशोब मांडून दाखवला होता की दहा किलो चरबी जळते तेव्हा त्यातली 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्याचं पाणी होतं. पट्ट्याखाली भिजलेल्या बनियनमध्ये असतं ते पिऊन परत भरून येणारं पाणी.

मला सगळ्यात जास्त धीर दिला तो स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या एका संशोधनाने. 1950 च्या दशकात आणि 60 च्या सुरुवातीला जमिनीवर अणुचाचण्या झाल्या, तेव्हा हवेतलं कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार, खूप वाढलं. 1963 च्या चाचणीबंदी करारानंतर ते हळूहळू उतरत गेलं. ते झाडांत गेलं, धान्यात गेलं, तिथून माणसांच्या पेशींच्या डीएनएमध्ये. पेशी जन्मते त्या वर्षीचं प्रमाण तिच्या डीएनएत कायमचं नोंदलं जातं. कर्स्टी स्पॉल्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खुणेवरून चरबीच्या पेशींचं वय काढलं आणि 2008 मध्ये प्रसिद्ध केलं. दर वर्षी साधारण दहा टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या जन्मतात. मोठेपणी एकूण संख्या जवळपास तीच राहते. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर माणूस बराच बारीक झाला तरी पेशी तेवढ्याच, फक्त आकाराने लहान. हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. मी ज्या पेशी रिकाम्या केल्या होत्या त्या कुठेही गेलेल्या नव्हत्या, आणि हे सगळ्यांचंच असं होतं.

यात पुण्याचाही एक मोठा धागा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं सांगत आले आहेत की भारतीय माणूस दिसतो बारीक, पण त्याच्या अंगात चरबी जास्त असते. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच, 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिक यांच्या 21.2 टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउथम्प्टनची 3.5 किलोची, पण आपल्या बाळांचं कमी भरलेलं वजन मुख्यतः स्नायूंचं आणि अवयवांचं. चरबी त्यांनी राखलेली. म्हणूनच आपल्याकडे पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बायकांची 80 च्या आत असावी असं डॉक्टर सांगतात.

मात्र जिवाला धोका असतो तो पोटाच्या आत, यकृत-आतड्यांभोवती बसलेल्या चरबीचा. ती चिमटीत येत नाही. आहार आणि चालण्याला ती लवकर दाद देते आणि साखर सुधारते ती तिच्या जाण्याने. चिमटीत येते ती वरची, कातडीखालची. मांड्यांवरची तर हृदयाच्या दृष्टीने उपकारकच असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. चरबी कमी करणारं बाजारातलं एकही यंत्र आतल्या चरबीपर्यंत पोचत नाही. म्हणजे शेवटच्या वळीचा प्रश्न दिसण्याचा आहे. दिसण्याचा प्रश्न क्षुल्लक असतो असं मी म्हणणार नाही. पण आरोग्याच्या नावाखाली तो कोणी विकत असेल, तर तिथून उठून यावं.

मी या यंत्रांच्या वाटेला गेले ते भाचीमुळे. ती हिंजवडीत नोकरी करते, वय सत्तावीस, पोहून आणि खाणं सांभाळून तिने चांगलं वजन उतरवलं, आणि ते वर्षाहून जास्त स्थिर आहे. राहिलं ते कमरेच्या दोन्ही बाजूंना, जीन्सच्या पट्ट्यावर येणारं. "मावशी, तू चल ना माझ्याबरोबर. मी एकटी गेले तर हो म्हणून येईन," ती म्हणाली.

पहिल्या क्लिनिकमध्ये आम्हाला डॉक्टर भेटलेच नाहीत. भेटली ती काउन्सेलर, हातात टॅब, त्यावर आधीचे-नंतरचे फोटो. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे माझी नजर आधी उजेडाकडे गेली. आधीच्या फोटोत दिवा डोक्यावर, पोट सैल सोडलेलं, लेगिंग्जचा पट्टा वळीच्या खाली करकचून. नंतरच्यात उजेड समोरून, खांदे मागे, श्वास आत, पट्टा चार बोटं वर. मग तिने टेपने भाचीची कंबर मोजली, तीही टॉपवरून. "मॅम, दोन सेशनमध्ये चार इंच जातील." डॉक्टर कधी भेटतील, असं मी विचारलं. प्रोसिजरच्या दिवशी, असं उत्तर आलं. चरबी गोठवण्याच्या पॅकेजचा आकडा लाखाच्या पुढे होता, बिनव्याजी हप्ते होते, आणि आजच भरले तर सवलत होती. मला त्या मुलीचा राग आला नाही, तिला तसंच शिकवलेलं होतं. राग आला तो कातडीला हात न लावता इंच सांगण्याचा. आम्ही निघालो.

चरबी गोठवण्याची मूळ कल्पना मात्र खोटी नाही. 1970 मध्ये लहान बाळांविषयी एक नोंद छापून आली होती: बर्फाची कांडी चोखत राहिलेल्या बाळांच्या गालांत आधी लालसर गाठ आली आणि मग तिथली चरबी काही काळ ओसरली. पुढे थंडीत घोडेस्वारी करणाऱ्या बायकांच्या मांड्यांवरही असाच दाह दिसला. कातडी शाबूत, खालची चरबी दुखावलेली. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली गोठते आणि शेजारच्या तांब्यातलं पाणी तसंच राहतं, त्यातलाच हा प्रकार. चरबी पाण्याच्या कितीतरी आधी गोठते, म्हणून बेताची थंडी दिली तर चरबीच्या पेशी मरतात आणि कातडी वाचते. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले डीटर मॅनस्टाइन आणि रॉक्स अँडरसन यांनी यावरून तंत्र बसवलं. 2010 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, कमरेच्या बाजूंसाठी त्याला मान्यता दिली, पुढे पोट, मांड्या, हनुवटीखालचा भाग यांचीही भर पडली.

यंत्राचा पेला वळी आत ओढून घेतो आणि अर्धा-पाऊण तास गार ठेवतो. कातडीवर आधी जेलचं कापड ठेवतात. ते नीट बसलं नाही तर कातडी थंडीने भाजते. मेलेल्या पेशी शरीर स्वतःच हळूहळू साफ करतं, त्याला दोन-तीन महिने लागतात. त्या जागच्या थराची जाडी साधारण पंचवीस टक्क्यांपर्यंत कमी होते. वजनाच्या काट्यावर काहीच दिसत नाही. म्हणून जो माणूस आधीच वजन उतरवून स्थिरावला आहे आणि ज्याची वळी लहान, मऊ, चिमटीत येणारी आहे, त्याच्यासाठी हे ठीक आहे. ज्याला अजून पंधरा किलो उतरवायचे आहेत, त्याचे पैसे वाया जाणार.

आणि एक धोका आहे, जो पहिल्या क्लिनिकमध्ये कोणी उच्चारलाही नाही. काही थोड्या लोकांत गोठवलेल्या जागची चरबी कमी व्हायच्या ऐवजी काही महिन्यांनी वाढते, घट्ट होते, नेमकी यंत्राच्या पेल्याच्या आकाराची. पुरुषांत हे तुलनेने जास्त दिसलं आहे. वैद्यकीय नियतकालिकात याची पहिली नोंद 2014 मध्ये आली. सुरुवातीचा अंदाज वीस हजारांत एक असा होता, नंतरच्या अभ्यासांत प्रमाण त्याहून बरंच जास्त निघालं. 2021 मध्ये प्रसिद्ध मॉडेल लिंडा इव्हान्जेलिस्टा यांनी आपल्या बाबतीत हे घडल्याचं जाहीर केलं, कंपनीवर दावा लावला, आणि 2022 मध्ये तो तडजोडीने मिटला. ही वाढ आपोआप जात नाही, ती काढायला बहुतेक वेळा लायपोसक्शन, म्हणजे चरबी ओढून काढायची शस्त्रक्रिया, करावं लागतं. शस्त्रक्रिया नको म्हणून निवडलेला उपाय शेवटी शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेऊन ठेवू शकतो. एवढी मोठी गोष्ट पैसे भरण्याआधी सांगणं हे कोणत्याही क्लिनिकचं पहिलं काम आहे, असं मला अगदी ठामपणे वाटतं.

गोठवण्याऐवजी तापवणारी यंत्रंही आहेत. 1060 नॅनोमीटरचा लेझर, रेडिओफ्रीक्वेन्सी, एका बिंदूवर एकवटलेला अल्ट्रासाउंड. फरक तसाच, माफक. चुंबकीय लहरींनी पोटाचे स्नायू आवळणाऱ्या यंत्राने स्नायू थोडे भरतात, पण पेसमेकर किंवा अंगात धातू असेल तर ते चालत नाही, आणि त्यात कॉपर-टीसुद्धा आली. आपल्याकडच्या किती बायकांना हा प्रश्न आधी विचारला जातो, मला शंका आहे.

इंजेक्शनांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. डीऑक्सिकोलिक ॲसिड हे आपल्या पित्तातच असतं, चरबी पचवायला मदत करतं. ते चरबीत टोचलं की पेशींचं आवरण फुटतं. 2015 मध्ये एफडीएने ते मान्य केलं, पण फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. सूज चांगली काही दिवस राहते, आणि जबड्याच्या कडेने जाणारी नस दुखावली तर हसू काही काळ वाकडं होऊ शकतं. म्हणून ते चेहऱ्याची रचना जाणणाऱ्या डॉक्टरच्या हातूनच. पार्लरमध्ये, घरी येऊन, 'चरबी विरघळवणारं इंजेक्शन' म्हणून बिनलेबलाच्या बाटलीतून दंडात-पोटात टोचतात, ते वेगळंच प्रकरण आहे. मान्यता नसलेल्या अशा इंजेक्शनांविरुद्ध एफडीएने एकापेक्षा जास्त वेळा इशारे दिले आहेत. त्याने गाठी, व्रण, जंतुसंसर्ग झालेले आहेत. कितीही स्वस्त असलं तरी ते घेऊ नका, हे मी हात जोडून सांगते.

दुसऱ्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञ बाई स्वतः भेटल्या. टेबलावर त्यांचा नोंदणी क्रमांक लिहिलेली पाटी. त्यांनी भाचीला आधी उभं केलं, मग कुशीवर झोपवलं, आणि दोन्ही वेळा वळी अंगठा आणि तर्जनीत धरून पाहिली. थंडीने बोटं निळी-पांढरी पडतात का, अंगावर गांधी उठतात का, कुठे हर्निया आहे का, पाळी नियमित आहे का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "ही चरबीच आहे, कातडी घट्ट आहे. फरक पडेल, पण लोकांना कळेल असं नाही. तुला कळेल." भाचीला हे वाक्य आवडलं. मलाही.

मग मी धीर करून माझं विचारलं. त्यांनी मला झोपवलं, गुडघे दुमडायला लावले, दोन बोटं बेंबीच्या वर आडवी ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, आता नुसतं डोकं उचला." बोटं आत बुडाली. मला ते आतून जाणवलं, दोन्ही बाजूंचे उभे स्नायू कडक आणि मध्ये मऊ फट. त्यांनी माझाच हात धरून तिथे ठेवला. बाळंतपणात ताणले गेलेले स्नायू पुन्हा पूर्ण जवळ आलेच नव्हते. आईने तेव्हा जुन्या सुती पातळाचा पट्टा रोज घट्ट बांधला होता, त्याने पाठीला आधार मिळाला होता, पण फट भरून येईलच असं नसतं. वर जे लोंबत होतं ते त्यांनी चिमटीत धरून उचललं. कागदासारखं पातळ नव्हे, पण चरबीही फार नव्हती. कातडी होती. वर्षानुवर्षं ताणलेल्या कातडीतले तंतू तुटतात, आणि पन्नाशीनंतर ती मागे यायची ताकद कमी असते.

"यावर मी मशीन लावणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या पायाला मधुमेहामुळे मुंग्या येतात म्हणालात, संवेदना कमी असलेल्या माणसावर गोठवण्याचा धोका मी घेत नाही. आणि घेतला तरी कातडी जास्तच सैल दिसेल. फिजिओथेरपिस्टकडे जा." कातडीचं पूर्ण समाधान हवं असेल तर ते शस्त्रक्रियेतच आहे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि मला ती नको आहे. वर्षानुवर्षं मी जिला चरबी समजत होते ती स्नायूंची फट, सैल कातडी आणि थोडी चरबी अशा तीन वेगळ्या गोष्टींची मिळून झालेली वळी होती, आणि गोठवणाऱ्या यंत्राच्या आवाक्यातली त्यातली एकच. आज वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं आली आहेत, 2025 मध्ये भारतातही आली, त्यामुळे भराभर किलो उतरवलेले लोक पुढच्या काही वर्षांत याच टेबलांसमोर बसणार आहेत. त्यांना कोणीतरी असं झोपवून, हात लावून, काय आहे ते सांगायला हवं.

भाचीने करून घ्यायचं ठरवलं. संमतीपत्र इंग्रजीत होतं, पानंच्या पानं, आणि त्यात ती उलट वाढीची गोष्ट एका लांबलचक वैद्यकीय नावाने आडबाजूला छापलेली. डॉक्टरांनी त्याखाली पेनने मराठीत लिहिलं: "या जागी चरबी कमी होण्याऐवजी वाढून घट्ट गोळा होऊ शकतो. तसं झाल्यास शस्त्रक्रिया लागू शकते." मोठ्याने वाचायला लावलं आणि मगच सही घेतली. त्याच जागी, त्याच उजेडात, पट्ट्याची उंची खुणेने ठरवून फोटो काढले.

पेला काढल्यावर वळी कडक, गार, चौकोनी झाली होती. ती चोळून मऊ करताना भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतरचे काही आठवडे त्या जागी बधिरपणा आणि अधूनमधून चमका. तीन महिन्यांनी फोटो शेजारी ठेवले, तेव्हा मला फरक दिसला. खरा, पण लहान. डाव्या बाजूला जास्त, उजवीकडे कमी. तिच्या आईला अजिबात दिसला नाही. भाची म्हणाली, जीन्सचं बटण लावताना तिला कळतं.

मी फिजिओथेरपिस्टकडे जाते आहे. श्वास सोडत पोट आत घेण्याचे व्यायाम, सरळ उठण्याऐवजी कुशीवर वळून उठण्याची सवय. फट थोडी कमी झाली आहे, कंबरदुखी बरीच. कातडी आहे तशी आहे.

उजव्या बाजूसाठी दुसरं सेशन करायचं का, हे डॉक्टरांनी भाचीवर सोडलं. तिने दिवाळीपर्यंत थांबायचं ठरवलंय. तोवर वजन टिकतं का ते तिला बघायचंय, कारण मेलेल्या पेशी परत येत नसल्या तरी शेजारच्या जिवंत पेशी खाणं वाढलं की पुन्हा फुगतात, आणि मग दोन्ही बाजूंचा खर्च फुकट जाईल.